उलटतपासातला राहिलेला प्रश्न

उत्तम,

परवा तुझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही.

तू असतास तर पोट धरून हसला असतास. पिंड, दर्भ, कावळा, सगळं तुझ्या लेखी थोतांड. आणि तुझ्याच पिंडाभोवती अख्खं गाव हात जोडून उभं, समोरच्या बाभळीवर चार कावळे, आणि त्यातला एकही खाली यायला तयार नाही. तुझा थोरला पुढं झाला. "अण्णा, आईला मी सांभाळतो, काळजी करू नका." कावळे ढिम्म. मंगलवहिनी म्हणाल्या, "अवो, गोळ्या येळेवर घीन, मग तर झालं?" तरी नाही. भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "वकीलसायबांचा जीव रशीदच्या केसमंदी अडकलाय. गुर्जी, तुमीच बोला की."

सगळी माणसं माझ्याकडं वळली. मी पुढं झालो, हात जोडले. चौतीस वर्षं वर्गात तोंडाचा पट्टा चालवलेला माणूस मी, पण "उत्तम" एवढंच म्हणालो आणि मागं सरलो. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. तुलाही ठाऊक होतं, याची मला आता खात्री आहे. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि मंडळी जेवायला उठली.

बाभळीपलीकडं रशीदची बायको शमीम उभी होती. पदर डोक्यावर ओढून, बायकांपासूनही जरा लांब. मी जवळून जाताना तिनं विचारलं, "गुर्जी, अब किसको पूछना?" मी चप्पल शोधायचं सोंग केलं. चप्पल पायातच होती.

म्हणून हे लिहायला बसलोय. तोंडानं निघत नाही ते हातानं निघतं का बघतो. आणि पहिल्यापासून सांगतो, मधे तोंड घालू नकोस. साक्षीदारानं पहिल्यापासून सांगायचं असतं, हे तूच शिकवलंस.

तेलगावच्या रस्त्याकडच्या माझ्या तुकड्यातली विहीर. चाळीस फुटांवर काळा खडक लागला आणि मी रशीदला बोलावलं. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर घेऊन गावोगाव फिरणारा, खडकाला भोकं पाडून सुरुंग उडवणारा. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरींना त्याच्या हातचं पाणी. त्या दिवशी तूही आलतास, फुकटचा तमाशा बघायला. सहा भोकं भरली. रशीद लाल फडकं फडकवत बांधावरून तीनदा धावला, मग लिंबाखाली येऊन बोटं मोडत बार मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावा आलाच नाही. मी उठायला लागलो तसा त्यानं माझा सदरा धरून मला खाली बसवलं. "गुर्जी, गिनती पूरी नै हुई."

एक बार राहिला की विहिरीत कुणी उतरायचं नाही, हा त्याचा नियम. बराच वेळ थांबायचं आणि मग एकट्यानं उतरायचं, ज्यानं तो भरला त्यानं. त्याच्या हाताखालचे दोघं गडी वर बसले आणि हा उतरला. तू काठावर पालथा पडून दर दोन मिनिटांनी खाली ओरडत होतास, "हाय का रं?" आणि खालून आवाज यायचा, "हाय, हाय." पाणी ओतून त्यानं तो सुरुंग निकामी केला आणि वर येऊन चहा मागितला. तू मला म्हणालास, "ह्येला म्हणत्यात जिम्मेदारी, मास्तर. तुमच्या खात्यात असती का अशी?" मी तुला शिवी दिली होती.

पुढं मुरूम लागला, सुरुंगाचं काम थांबलं आणि जिलेटिनच्या बऱ्याच कांड्या उरल्या. त्या माझ्या होत्या. मीच आणायला लावल्या होत्या, परवाना-कागद काही नसताना, आपल्याकडं सगळेच आणतात तशा. कडब्याच्या गंजीत कांड्या ठेवून वर निवांत झोपणारी माणसं आपण. पण माझ्या घरात त्या ठेवणं मला जमेना, कारण घरात प्रकाश होता. म्हणजे प्रकाशचा फोटो.

थोरल्या भावाचा प्रकाश. निमलष्करी दलात होता. रस्त्यात पेरलेल्या स्फोटात त्याची गाडी गेली आणि पेटी घरी आली ती उघडायची नाही अशा सूचनेसकट. वहिनी पेटीला मिठी मारून बसली. म्हणे, एकदा तोंड दाखवा, त्याबिगर मी उठत न्हाई. आम्ही सगळे बापे भिंतीला टेकून उभे. तू तिच्यापुढं मातीत मांडी घातलीस आणि म्हणालास, "वैनी, मी बघितलंय. आपला प्रकाशच हाय. झोपल्यावानी दिसतोय." तू बघितलं नव्हतंस. कुणीच बघितलं नव्हतं. पण वहिनीनं हात सोडले. पुढं तिचे कागद, दाखले, खेटे, सगळं तूच केलंस. ते उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज दाखवतो, तर ऐकायला तू नाहीस.

तर त्या घरात कांड्या नकोत म्हणून मी त्या एका पिशवीत भरल्या आणि रशीदकडं नेऊन दिल्या. "पुढच्या उन्हाळ्यात लागतील, तुझ्या शेडात राहू दे." पिशवी आमच्या हिनं शिवलेली, शाळेच्या जुन्या सतरंजीची, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. सतरंजी बाद झाली तेव्हा हिनं एकीच्या दहा-बारा पिशव्या केल्या होत्या.

मग दूरच्या एका शहरात स्फोट झाला. माणसं मेली. टीव्हीवर बघताना मी वहिनीला आत पाठवलं होतं. पकडलेल्यांपैकी एकाच्या फोनमध्ये म्हणे रशीदचा नंबर निघाला. रशीद सांगत होता, त्या माणसाकडनं आपण जुना कॉम्प्रेसर घेतला, बाकी ओळख नाही. बाहेरचं पथक आलं, शेडाची झडती झाली आणि शाळेत माझ्यासाठी निरोप आला, गुरुजी, पंच म्हणून या, दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडं पंच म्हणून बोलावणं आलं की माणूस टोपी सारखी करतो. पाचामुखी परमेश्वर. मी तर गावाचा सहीवाला. उतारे, दाखले, रहिवासी, कुणाचं काय असेल ते, "गुर्जी, सही" म्हटलं की पेन उघडायचो, वाचत बसणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास. शेडावर पोचलो तर झडती आधीच उरकली होती. जीपच्या बोनेटवर माल मांडला होता. साहेब सभ्य होता, त्यानं मला बसायला खुर्ची दिली. कागदावर लिहिलं होतं, पंचांसमक्ष झडती घेतली असता. मी सही केली.

सवयीनं केली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तुलाही तेच सांगितलं. खोटं आहे, उत्तम. बोनेटवर सतरंजीची पिशवी होती. ती बघितली आणि मी कधी नाही इतक्या घाईनं सही केली. रशीद हातकडी घालून चार हातांवर उभा होता. त्यानं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. माझं नाव त्यानं तेव्हाही घेतलं नाही आणि नंतरही नाही.

त्याला कुणी वकील मिळेना. बांधाच्या भांडणात नि वाटणीच्या दाव्यात जन्म गेलेला तू, उठलास आणि वकीलपत्र घेतलंस. कोर्टातली मंडळी तुझ्या टेबलाला चहाला येईनाशी झाली. परळीहून गाडी पकडून महिन्या-दोन महिन्यांनी तू शहरातल्या मोठ्या कोर्टात जायचास, आणि परत यायचास तो काळ्या कोटावर परळीच्या वीजकेंद्राची राख घेऊन. मी म्हणायचो, कोट झटक तरी. तू म्हणायचास, राहू दे, रंग सारखा हुतो.

आपली भांडणं आठवतात? रविवारचे धपाटे खाताना सुरू व्हायची आणि हिनं ताट उचललं तरी संपायची नाहीत.

मी म्हणायचो, "शंभर माणसं वाचवायला एकाला चार वर्षं जास्त आत ठेवलं तर काय आभाळ कोसळतं?"

"त्यो एक कोन, ते कोन ठरवनार? तू ठरव. तुझ्या वस्तीवरला एक निवड आन् दे माझ्या हातात."

"मी कावून निवडू?"

"मंग दुसऱ्यानं निवडल्यावर गप कावून बसतो बे?"

एकदा मी फार चिडलो. म्हणालो, "प्रकाशला मारणाऱ्यांची बाजू घेतोस तू. त्याच्या आईच्या हातचं खातोस आणि त्यांची बाजू घेतोस." तू ताट बाजूला सारलंस. आवाज चढवला नाहीस. "प्रकाशला ज्यानं मारलं त्याला फाशी द्या, मी बघाया येतो. पन ज्यानं मारलं त्यालाच. रशीदनं काय केलं मला ठाव न्हाई. तुला हाय का? ठाव असतं तर कोर्ट कशाला लागलं असतं? इचारा म्हनतो मी. नुसतं इचारा. सहा वर्सं झाली, कुनी इचारंना त्याला."

मग मी तुझं दुखरं काढलं. म्हणालो, "साक्षीच्या गप्पा तू करू नकोस. वहिनीला तूच न बघता साक्ष दिलतीस." तू ताट परत पुढं ओढलंस. मग म्हणालास, "दिली. पन त्या साक्षीनं कुनी आत न्हाई गेलं, मास्तर."

तेव्हा मला वाटलं, तू वकिली टोमणा मारलास. पण त्याच रविवारी जाताना तू ओसरीवर टेकवलेली पिशवी उचललीस, आणि मी पहिल्यांदा नीट बघितलं. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. हिनं कधीतरी वांगी-दोडके घालून तुलाही एक दिलेली. रशीदच्या केसचे कागद तू त्यात घालून फिरत होतास. तुझ्याकडच्या पंचनाम्याच्या नकलेत माझ्या सहीच्या चार ओळी वर लिहिलेलं होतं, जुन्या सतरंजीची पट्ट्यांची पिशवी एक. तुझ्यासारख्या चिकट माणसानं ती ओळ वाचली नसेल, हे मी मान्य करत नाही.

त्यानंतर दर रविवारी ती पिशवी माझ्या ओसरीवर यायची. तू ती माझ्यापुढं ठेवायचास आणि पाऊसपाण्याच्या, ऊसतोडीच्या गप्पा मारायचास. मी पिशवीकडं न बघता बोलायला शिकलो. तुरुंगात रशीदला भेटून आलास की एकच निरोप द्यायचास, "रशीदनं सलाम सांगितलाय." बस. त्या दिवशी मला जेवण जायचं नाही.

उत्तम, मला तुझा राग येतोय. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण येतोय. तू सरळ का विचारलं नाहीस? गचांडी धरून का विचारलं नाहीस? दोन ओळींचा अर्ज केला असतास, की त्या कांड्या अमक्या मास्तराच्या विहिरीच्या आहेत, तर केसचं निम्मं बूड निखळलं असतं. पण मग त्याच कलमांखाली मी आत गेलो असतो. तो दहशतवादविरोधी कायदाच असा रुंद तोंडाचा, की एकाला बाहेर ओढायला हात घालावा तर दुसरा आत जातो. जन्मभर माणसाच्या हक्कांवर बोलणारा तू, तुला अशिलाला सोडवायचं तर मित्राला द्यावं लागत होतं. तू ना त्याला सोडवू शकलास, ना मला दिलंस. वाट बघत बसलास, मास्तर स्वतः बोलेल म्हणून. माझ्यावर एवढा भरवसा ठेवायला तुला कुणी सांगितलं होतं?

आणि मी का बोललो नाही? पेन्शनची भीती होती. लेकीचं सासर होतं. पण खरं सांगू, सगळ्यात जास्त भीती फोटोची होती. ज्या घरातला पोरगा सुरुंगानं गेला त्याच घरातल्या चुलत्याच्या पिशवीत कांड्या, हे वहिनीला कुठल्या तोंडानं सांगू? तिच्या नजरेपेक्षा तुरुंग बरा, असं वाटायचं, आणि तरी तुरुंगाचीही भीती वाटायचीच.

एक मात्र कबूल कर. मी सगळाच चुकलो नव्हतो. बॉम्ब ठेवणारी माणसं आहेत. प्रकाश काही स्वप्नात मेला नाही. त्यांना धरायला कडक कायदा लागतो, असं मी आजही म्हणतो, आणि तू इथं असतास तर आजही आपलं वाजलं असतं. फक्त आता तो कडकपणा म्हटला की मला जीपचं बोनेट दिसतं, आणि पेन उघडणारा माझाच हात. पुढचं वाक्य मला सुचत नाही. ते तू बोलायचास.

शेवटचं भेटलास तेव्हा तू दमला होतास. जिना नसताना धाप लागली होती. केस अखेर उभी राहिली होती आणि माझ्या साक्षीची तारीख लागली होती. तू जाताना ओट्यावर थांबलास. "मास्तर, उलटतपासात मी तुला एकच प्रश्न इचारनार हाय."

"कोनता?"

"तवाच सांगतो. आधी सांगितला तर तू पाठ करून येशील."

हसलास आणि गेलास. चार दिवसांनी परळीच्या फलाटावर, भर दुपारी, गाडीची वाट बघत बाकावर बसल्या बसल्या गेलास. चहावाल्याला वाटलं डुलकी लागली. पिशवी तुझ्या मांडीवर होती, म्हणे.

मी रोज तो प्रश्न शोधतोय. झडती डोळ्यांनी बघितली का, हा असेल? मग नाही म्हणायचं आणि फितूर साक्षीदार म्हणून घरी यायचं, एवढ्यावर निभावलं असतं. का पिशवी कुणाची, हा? का असं काही, जे मला सुचणारच नाही, कारण मी मास्तर आणि तू वकील? तू मला वाचवत वाचवत त्याला सोडवायची काहीतरी युक्ती काढली असशील, असंही वाटतं. मग ती युक्ती फलाटावर तुझ्याबरोबर गेली.

कागद नव्या वकिलाकडं गेले. हुशार आहे म्हणतात. पण त्यानं आमच्या हिच्या हातची पिशवी कधी बघितलेली नाही, तो तिच्याबद्दल काय विचारणार? मंगलवहिनींनी पिशवी रिकामी करून माझ्याकडं दिली. "तुमच्याच घरची हाय, भाऊजी, तुमीच ठेवा." खुंटीला लावली आहे. बरोबर समोर प्रकाशचा फोटो.

सोमवारी माझी साक्ष आहे. विचारणारा नसला तरी उत्तर मलाच द्यायचंय. पण मी बोललो तर रशीद सुटतो का, की त्याच्या शेजारी मलाही बसवतात आणि दोघंही राहतो? फोनातल्या नंबराचं काय? वहिनीला आधी सांगू की नंतर? हे सगळं विचारायला माझ्याकडं आयुष्यात एकच वकील होता. मी घरात तीन दिवस येरझाऱ्या घालतोय आणि हिला वाटतंय, मी तुझ्या दुःखात आहे. आहेच.

आज सकाळी विहिरीवर गेलो होतो. पाणी चांगलं आहे. काठावर, तू पालथा पडला होतास त्याच दगडाशी बसलो. ज्यानं भरला त्यानंच उतरायचं, रशीदचा नियम सरळ होता. उतरेन, उत्तम. सोमवारी उतरेन बहुतेक. फक्त वरून "हाय का रं?" म्हणून कोण विचारणार, ते तेवढं सांगून जायला हवं होतंस.